आधी ब्रेक, मग रंग

आंबा घाट चढताना आमच्या जीपची घरात कुणाला काळजी नसे. काळजी असे ती उतरताना. साखरप्याहून वर जाताना हौद्यात हापूसच्या पेट्या असत, गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत चढे आणि फार तर रेडिएटर तापे. मग सावली बघून थांबायचं, इंजिन गार होऊ द्यायचं, पाणी घालून निघायचं. परतीला त्याच हौद्यात कोल्हापूरच्या गुळाचे रवे आणि कांद्या-बटाट्यांची पोती येत. मलकापूर आणि आंबा मागे टाकून गाडी कोकणात उतरू लागली की थोरल्या काकांचा उजवा पाय ब्रेकवर असे आणि घरातल्या बायकांचं सगळं लक्ष त्या पायाकडे. त्या बायका तिकडे साठ-सत्तर किलोमीटर दूर चुलीपुढे असत, तरीही.

आम्ही म्हणजे एकाच परड्यात वाढलेली चुलत भावंडं, बहुतेक साठच्या दशकात जन्मलेली. आज कुणी रत्नागिरीत, कुणी डोंबिवलीत, कुणी पुण्यात, एक बहीण मस्कतला. भेटलो की गाडीचा विषय निघतोच, आणि गाडीत पुन्हा ब्रेक आणि पाटे. इंजिनाचं कौतुक काकांना असेल. आम्हाला आठवतात त्या या दोन गोष्टी, कारण पाटे मागे बसणाऱ्याच्या कमरेला कळत आणि ब्रेक घरी वाट बघणाऱ्याला.

गाडी विलिसच्या सीजे-थ्रीबी घराण्यातली. अमेरिकेत हे मॉडेल १९५३ साली आलं. त्याचं ‘हरिकेन’ इंजिन आधीच्या इंजिनापेक्षा उंच, म्हणून बॉनेट उंच करावं लागलं. तो रुंद कपाळाचा चेहरा पुढे महिंद्रने भारतात कित्येक वर्षं बनवला. आखूड जीपच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर ८० इंच, आमची लांब चासीची, ९१ इंचांची. आमच्या घरच्या आबांनी ती जुनी विकत घेतली आणि मागची बाकं काढून लोखंडी हौदा बांधून घेतला. तळाला सागवानी फळ्या, मागे साखळीवर लोंबणारा फाळका.

चारही चाकांना ड्रम ब्रेक. पेडल दाबलं की मास्टर सिलेंडरमधलं तेल पाइपांतून चाकांकडे जायचं, तिथला छोटा सिलेंडर दोन लायनर बाहेर ढकलायचा आणि ते फिरत्या ड्रमला आतून घासायचे. हा मास्टर सिलेंडर ड्रायव्हरच्या पायाखाली, चासीला लावलेला. तेल बघायचं तर पायाखालचं झाकण काढून, वरची माती पुसून, आत डोकावायचं. चारही चाकांची वाट एकच. कुठेही एक पाइप फुटला, एका चाकातलं रबर गेलं, की चारही चाकांचे ब्रेक गेले. त्या काळच्या बहुतेक गाड्यांची हीच रचना होती आणि माणसं तेवढ्यावर देशभरचे घाट उतरत होती. कशी उतरत होती, हे आम्ही काकांच्या शेजारी बसून पाहिलं आहे.

ज्या गिअरने चढायचं त्याच गिअरने उतरायचं, हा त्यांचा पहिला नियम. गिअर तीनच, त्यात पहिला चालत्या गाडीत सहज पडत नसे. क्लच दोनदा दाबून, मध्ये इंजिनाचा वेग जुळवून तो घालावा लागे. काका ते वळण यायच्या आधी करत. डिझेल-पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून घाट उतरणारे ड्रायव्हर तेव्हा पुष्कळ होते. काकांनी ते कधी केलं नाही आणि दुसऱ्याने केलेलं त्यांना खपत नसे. ब्रेकवर पाय सतत ठेवायचा नाही, दाबायचा आणि सोडायचा. जळकट, आंबूस वास आला की घाटातल्या रुंद जागी गाडी बाजूला. तिथे आम्ही उड्या टाकून चाकांना दगड लावायचो. हे काम मुलांचं.

दगड लावण्यामागे कारण होतं. या जीपचा हँडब्रेक चाकांवर नव्हता. ट्रान्सफर केसच्या मागे एक छोटा ड्रम, तो मागच्या एक्सलकडे जाणाऱ्या शाफ्टला धरायचा. सपाटीवर ठीक. पण मागचं एक चाक जॅकवर उचललं की डिफरन्शियलमुळे ते चाक उलटं मोकळं फिरू शकतं, आणि जमिनीवरचं चाक सुलटं. हँडब्रेक पूर्ण ओढलेला, तरी गाडी चालू लागते. पंक्चर काढताना दगड आधी आणि जॅक नंतर, हे आम्हाला पाढ्यांबरोबर आलं.

ड्रम तापले की ब्रेक का मरतो, हे मात्र पुढे शिकून कळलं. दोन टनांची भरलेली गाडी शंभर मीटर खाली आली की जेवढी ऊर्जा कुठेतरी मुरवावी लागते, तेवढ्यात सहा लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत नेता येईल. इंजिनाने त्यातला वाटा उचलला नाही तर ती सगळी उष्णता चार बंद ड्रमांत जाते. लोखंड तापून फुगतं, म्हणजे ड्रम लायनरपासून दूर जातो. लायनरची पकडही उष्णतेने कमी होते. पेडल खाली जातं, पाय पुन्हा पुन्हा मारावा लागतो. त्यात ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट-थ्री तेल ताजं असताना २०५ अंशांच्या आत उकळू नये असा दंडक आहे, पण पाणी मुरलेल्या तेलासाठी तोच आकडा १४० आहे. तेल उकळलं की पाइपात वाफ होते, आणि वाफ दाबली जाते, चाकापर्यंत जोर पोचत नाही. कोकणच्या हवेत, पायाखालच्या मातकट सिलेंडरमध्ये, वर्षानुवर्षं तेच तेल. काका दाबत-सोडत उतरत होते आणि वास आला की थांबत होते, ते या सगळ्याचं अगदी बरोबर उत्तर होतं. पुस्तक न वाचता त्यांना ते आलं होतं.

पावसाळ्यात वेगळं. वाडीकडे येताना दोन पऱ्हे ओलांडावे लागत, त्यांवर साकव माणसांपुरते. गाडी पाण्यातून जायची, ड्रममध्ये पाणी शिरायचं आणि पुढचा ब्रेक लागतच नसे. पलीकडे गेल्यावर काका थोडं अंतर ब्रेक हलका दाबूनच गाडी चालवत, लायनर सुकेपर्यंत. चारही चाकं एकदम सुकत नसत, मग गाडी एका बाजूला ओढायची.

आता पाट्यांबद्दल. आमच्या घरात खरी मतं होती ती पाट्यांवर.

कमानीसारखे वळलेले पोलादी पाटे एकावर एक रचून मधोमध सेंटर बोल्टने बांधलेले, यू-बोल्टने एक्सलला आवळलेले. ओझ्याने कमान सपाट होते, ओझं उतरलं की परत वळते. पाटे एकमेकांवर घासतात आणि त्या घासण्यानेच गाडीचं उसळणं थोडं आवरतं. भार जास्त घालायला लागल्यावर आबांनी मागे जादा पाटे टाकून घेतले. त्याने गाडी भरल्यावर बसेनाशी झाली, आणि रिकामी असताना दगडी झाली. रस्त्यावरचा प्रत्येक खडा फळीतून वर यायचा.

हापूस हे नाजूक फळ. आदळला तर वरून दिसत नाही, आतून डागाळतो, आणि कोल्हापूरच्या अडत्याने पेटी फोडली की दर तिथेच खाली येतो. म्हणून पेटीत गवत, पेटीखाली गवत, पेट्यांच्या मध्ये गवत. आजी आणि काकू रात्री उशिरापर्यंत पेट्या भरत. त्या गवताचा थर किती जाड हवा, हे आजी रस्ता कुठपर्यंत खोदलेला आहे ते विचारून ठरवायची. गाडीचं खरं सस्पेन्शन त्या बायकांच्या हातात होतं, असं मी मानते, आणि हे आमच्या घरात पुरुषांनीही मान्य केलेलं आहे.

रिकामी गाडी मऊ चालवायची तर हौद्यात भाताची पोती टाकायची, ही युक्तीही आजीचीच. वजनाने ताठ पाटे थोडे वाकतात, मग धक्का कमी लागतो. धाकट्या काकूला दिवस भरल्यावर रत्नागिरीला नेलं ते असंच: खाली पोती, वर गाद्या, शेजारी आत्या, आणि काका कधी नव्हे इतक्या हळू. तो चुलतभाऊ आता साठीला टेकला आहे.

गणपती मात्र कधी गाडीतून आला नाही. गणपतीच्या शाळेतून मूर्ती डोक्यावरूनच यायची, शेताच्या बांधावरून, पावसात. मातीची मूर्ती त्या हौद्यात ठेवायची कुणाची हिंमत नव्हती.

गाडीची देखभाल हा घरचा सोहळा असायचा. पाट्यांच्या शॅकलना ग्रीसचे निपल होते. ग्रीसगन घेऊन खाली सरपटायचं काम लहान मुलांचं, कारण आम्हीच तिथे मावत होतो. ब्रेकची एअर काढायला तर माणसंच माणसं. मास्टर सिलेंडरपासून सर्वांत लांबचं चाक आधी, म्हणजे मागचं डावं. मिस्त्री चाकापाशी निपल सैल करून बसलेले, ते ओरडायचे, “दाबा… धरा… सोडा.” पेडलवर आत्या बसे, कारण तिचा पाय बिनघाईचा. बाटलीतल्या तेलात बुडबुडे येत, मग यायचे थांबत, मग पुढचं चाक. ड्रम उघडल्यावर मिस्त्री आतली धूळ तोंडाने फुंकून उडवत. त्या काळच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे. ही धूळ फुंकणारे किती जण पुढे खोकत राहिले असतील, याचा विचार आज मला अस्वस्थ करतो. जुन्या गाडीचा ड्रम उघडणाऱ्याने ती धूळ पाण्याने ओली करून पुसून काढावी. वाऱ्याने किंवा तोंडाने उडवू नये.

पुढे पेट्रोल परवडेना, तेव्हा हरिकेन इंजिन उतरवून ट्रॅक्टर-घराण्यातलं डिझेल बसवलं. तशी अदलाबदल तेव्हा गावोगाव झाली. आरसी बुकात नोंद करून घेतली. डिझेलचं इंजिन जड, त्यामुळे पुढचे पाटे बसले आणि गाडी नाकाने चालू लागली. एवढं वजन वाढलं, पण ब्रेक होते तेच राहिले. मग काका थकले, आंबा ट्रान्सपोर्टच्या ट्रकने जाऊ लागला, आणि गाडी गोठ्याशेजारच्या पडवीत उभी राहिली ती राहिलीच.

काका गेल्यानंतर ती पुन्हा चालती करायची ठरली. तेव्हा आम्हा भावंडांत खरा वाद झाला. एक बाजू म्हणत होती, आहे तशीच ठेवू. एकही नट बदलायचा नाही, काकांच्या हातची गाडी आहे. दुसरी बाजू बहिणींची होती. त्यांनी आजीला आणि काकूंना संध्याकाळी ओटीवर बसून वाट बघताना पाहिलं होतं. घाटातून गाडी येईपर्यंत त्या जेवत नसत. काकांचं कौशल्य आम्हाला जपायचं आहे, त्यांच्यावर असलेला धोका जपायचा नाही, असं थोरलीने एका वाक्यात सांगितलं आणि वाद तिथे मिटला. मी तेव्हा तिच्या बाजूने होते, आजही आहे.

काम कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात केलं. ओतकाम, लेथ, पाटेवाले, सगळे हाकेच्या अंतरावर असलेली वस्ती आहे ती, आणि तिथल्या कारागिरांना जुन्या गाडीची लाज वाटत नाही. मिस्त्रींनी पहिल्या दिवशी रंगाचं बोलायला मनाई केली. गाडी थांबली पाहिजे आणि सरळ चालली पाहिजे, ती पळते की नाही ते मग बघू, असं त्यांचं म्हणणं.

पुढच्या दोन चाकांना डिस्क बसवल्या. डिस्क उघड्यावर असते, वारा लागतो, तापून फुगली तरी पॅडपासून दूर जात नाही, आणि पाण्यातून बाहेर आल्यावर फिरता फिरता पुसली जाते. आमच्या दोन्ही जुन्या दुखण्यांवर, घाटावर आणि पऱ्ह्यावर, हा एकच उपाय. डिस्क आणि कॅलिपर बाजारात सहज मिळणाऱ्या चालू गाडीचे घेतले, म्हणजे उद्या पॅड झिजले तर साखरप्यातही मिळतील. कॅलिपर धरणारा ब्रॅकेट मात्र जाड पोलादी पट्टीतून मोजून कापला. सगळा जोर त्या ब्रॅकेटवर येतो, म्हणून बोल्ट जास्त ताकदीचे, साधे बाजारी नाहीत. १६ इंची रिमच्या आत कॅलिपर घासत नाही ना, हे चाक हाताने फिरवून बघितलं.

मास्टर सिलेंडर पायाखालून हलवून फायरवॉलवर आणला, पेडल वरून लोंबणारं केलं. नवा सिलेंडर दोन कप्प्यांचा: पुढच्या चाकांची वाट वेगळी, मागच्यांची वेगळी. एक फुटली तरी दुसरी गाडी थांबवते. कामातला एकच बदल करायचा झाला, तर मी हा करायला सांगेन, डिस्कच्याही आधी. शिवाय तेलाची पातळी आता बॉनेट उघडल्याबरोबर दिसते.

डिस्कला ड्रमपेक्षा जास्त दाब लागतो, म्हणून बूस्टर हवा, आणि बूस्टरला व्हॅक्यूम हवा. पेट्रोल इंजिन तो स्वतःच देतं. डिझेलला थ्रॉटलची झडप नसल्याने तो मिळत नाही. म्हणून जुना डायनॅमो काढून मागे व्हॅक्यूम पंप असलेला अल्टरनेटर बसवला. यातून एक नवी शिस्त आली. इंजिन बंद पडलं तर बूस्टरमधला साठा दोन-चार वेळा दाबण्यापुरता असतो, नंतर पेडल दगड होतं. उतारावर इंजिन बंद करायचं नाही हा काकांचा नियम आता आणखी कडक झाला.

आणखी एक बारीक गोष्ट, जी अनेक ठिकाणी राहून जाते. ड्रमच्या वाटेत एक छोटा व्हॉल्व्ह असतो, तो पाइपात थोडा दाब राखून ठेवतो, व्हील सिलेंडरची रबरं घट्ट राहावीत म्हणून. तोच व्हॉल्व्ह डिस्कच्या वाटेत राहिला तर पॅड सुटत नाहीत, डिस्क रस्ताभर तापत राहते. आमच्या मिस्त्रींनी तो आठवणीने काढला.

मागचे ड्रम ठेवले. नवे सिलेंडर, ॲस्बेस्टॉस नसलेले लायनर, लेथवर साफ केलेले ड्रम. ब्रेक लागताना वजन पुढे झुकतं, तेव्हा मागच्या चाकांना काम कमीच. पण हौद्याच्या गाडीचं एक निराळं दुखणं असतं: भरलेली असली तर मागच्या चाकांना जोर हवा, रिकामी असली तर तोच जोर त्यांना जागच्या जागी अडकवतो आणि गाडीचं ढुंगण फिरतं. त्यासाठी भार ओळखणारा व्हॉल्व्ह येतो, एलएसपीव्ही म्हणतात त्याला. त्याची दांडी मागच्या एक्सलला जोडलेली; हौदा जेवढा बसेल तेवढा दाब मागे जातो. म्हणून पाट्यांचं काम पूर्ण झाल्याशिवाय हा व्हॉल्व्ह बसवता येत नाही. आधी गाडीची उंची ठरली पाहिजे.

पाट्यांचे जादा थर काढले. मुख्य पाटे उघडून, घासून, कमान परत आणून घेतली, चिरलेले दोन टाकून दिले. जड भारासाठी वर एक हेल्पर पाटा ठेवला, जो हौदा बसल्यावरच टेकतो. रिकामी गाडी आता त्याच्याशिवाय चालते. कमी पाट्यांचे, मध्ये जाड आणि टोकाला निमुळते असलेले पॅराबोलिक पाटेही बघितले. ते एकमेकांवर घासत नाहीत म्हणून मऊ चालतात, पण घासणं नाही तर उसळी आवरायचं सगळं काम शॉकअपवर येतं. आम्ही जुन्या पद्धतीचेच ठेवले, कारण ते कोकणातला लोहारही ठोकून देऊ शकतो. शॉकअप नवे, बुश नवे, यू-बोल्ट नवे. पहिली भरलेली खेप झाल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळायचे असतात; हे विसरलं तर एक्सल सरकतो आणि सेंटर बोल्ट तुटतो.

रंग शेवटी दिला, होता तोच राखाडी-हिरवा.

त्या वर्षी गणपती गाडीतून आला. हौद्यात पूर्वीसारखाच गवताचा थर होता, तो आत्याने घालायला लावला. तिचं वय पंच्याऐंशीच्या पुढे. मूर्ती घरी उतरवल्यावर तिने गाडीच्या चाकांना हळदकुंकू लावलं आणि मग विचारलं, “आता एअर कोण काढतं?” नातीने हात वर केला. पेडलवर आता तीच बसते.

कायद्याचंही सांगायला हवं, कारण हे काम करायच्या विचारात असलेले आमच्याच वयाचे पुष्कळ जण विचारतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ही बाजू कडकपणे मांडली. तेव्हा काम सुरू करण्यापूर्वी आरटीओत लेखी विचारावं, फिटनेसच्या तपासणीत काही लपवू नये. आणि ५० वर्षांहून जुनी गाडी २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज म्हणून नोंदवायची असेल, तर ती मूळ रूपात असावी लागते, चासी-बॉडी-इंजिनात मोठे फेरफार चालत नाहीत, आणि अशी गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापरात आणता येत नाही. म्हणजे संग्रहात ठेवायची की रस्त्यावर चालवायची, हे आधीच ठरवायला हवं. आमची चालवायची होती.

तुमच्या परड्यात अशी एखादी जीप, मेटॅडोर किंवा जुना टेम्पो उभा असेल आणि मुलं ती चालू करायचं म्हणत असतील, तर पेंटरला बोलावण्याआधी चारही चाकं उतरवा. पाइप, रबरं, तेल, पाटे बघा, मास्टर सिलेंडर दोन कप्प्यांचा करा. जमेल तितका खर्च तिथे करा, उरला तर रंगाला.